मिठाचा हात

चिसेकाच्या मिशन शाळेत दुपारच्या जेवणासाठी पाच बायका कामाला होत्या. एक पाणी भरायची, एक लाकडे आणायची, डोरिका मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे न्सिमा, घोटायची आणि एस्नाती घेवड्याचे कालवण शिजवायची. पाचवी फालेसी. ती मीठ घालायची.

तेवढेच. सकाळी साडेसातला ती येई आणि भिंतीजवळच्या दोन विटांवर बसे. गुडघे धरलेले असल्यामुळे पाण्याची बादली तिच्याने उचलवत नसे, आणि घोटायचे लाकडी फावडे तर तिच्यापेक्षा उंच होते. जून-जुलैत, तिकडच्या थंडीत, डोंगरावरून धुके उतरते तेव्हा ती चुलीच्या अगदी जवळ सरके आणि अंगावरचे कापड हनुवटीपर्यंत ओढून घेई. अकराच्या सुमाराला एस्नाती हाक मारी, "गोगो, झालं!" गोगो म्हणजे आजी. मग फालेसी उठे, हात धुई, डबा उघडे. मोठ्या हंड्याला तीन मुठी, लहान हंड्याला दीड. पळीने थोडे तळहातावर घेऊन चाखे. मान हलवी आणि परत विटांवर जाऊन बसे.

यात कुणाला काही वावगे वाटत नसे. तिथल्या बायकांची रीतच आहे की ज्या बाईचे ते दिवस चालू असतील तिने कालवणात मीठ घालायचे नाही. बाकी सगळे करायचे. मीठ तेवढे नाही. घातले तर खाणाऱ्याची छाती धरते, खोकला लागतो आणि माणूस झिजत जातो. म्हणून घरात मीठ घालते ती लहान पोर, नाहीतर म्हातारी. आणि ही गोष्ट पुरुषासमोर तोंडातून काढायची नाही. नवऱ्यालाही सांगायची नाही; आज मीठ पोरीने घातले हे पाहून त्याने काय ते ओळखायचे. हे सगळे मुलीला मोठी होताना बायका शिकवतात, दार लावून.

फालेसीला हे इतरांपेक्षा जास्त चांगले ठाऊक होते. तिचा नवरा लामेकी जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत कामाला होता. तिसऱ्या खेपेला तो घरी आला तेव्हा एक सायकल, एक रेडिओ आणि एक खोकला घेऊन आला. सायकल विकली, रेडिओ बंद पडला, खोकला मात्र राहिला. वर्षभरात तो गेला. मिशनच्या दवाखान्यातली गोरी सिस्टर म्हणाली की खाणीतली धूळ छातीत साठते. पण ती सिस्टर लग्न न केलेली, तिला मिठातले काय कळणार, असे सगळ्यांचे मत पडले. प्रेत घरात असतानाच लामेकीची बहीण नसिबेको उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझा भाऊ खाणीनं नाही मेला. हिच्या मिठानं मेला."

फालेसीच्या हातून कधी चूक झाली होती की नव्हती, हे तिने पुढेही कुणाला सांगितले नाही. पाद्रीबाबांपाशी कबुलीजबाबात काय म्हणाली असेल ते पाद्रीबाबांना ठाऊक.

त्यानंतर सव्वीस वर्षे तिच्या हातचे कालवण गावात कुणी खाल्ले नाही. लग्नात, मयताला बायका मिळून स्वयंपाक करायच्या. तिच्याकडे पाण्याचे काम यायचे. तिच्याशी कुणी भांडले नाही. विहिरीवर बोलायच्या, चर्चमध्ये शेजारी बसायच्या. फक्त तिच्या चुलीवरचे नको. नसिबेको ओढ्यापलीकडच्या वाडीत राहायची. ती वाटेत भेटली तर 'फालेसी' म्हणायची. वहिनी म्हणणे तिने त्या दिवशीच सोडले होते.

मग मोठ्या दुष्काळाचे साल आले. मका उभ्या शेतात वाळला आणि मिशनने शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. पहिल्याच दिवशी अडचण झाली. स्वयंपाकाला ठेवलेल्या चौघी तरुण. घेवडा शिजला, चारशे पोरे भांडी घेऊन बसली आणि मिठाच्या डब्याला कुणी हात लावेना. गावच्या मुखियाची म्हातारी आई तिथे चौकशीला आली होती. फालेसीही आली होती, पिठाचा कोंडा मिळतो का पाहायला. म्हातारीने चौघींकडे पाहिले, मग फालेसीकडे.

"हिला घालू द्या," ती म्हणाली. "हिचं वय सरलं. आता हिचा हात थंड आहे."

"आजी, पण हिचा तो नवरा..." चौघींपैकी एक म्हणाली.

"तो मेला तेव्हा ही बत्तीस वर्षांची होती. आता माझ्यासारखी आहे. पोरं भुकेली आहेत, वाद संध्याकाळी घाला."

फालेसीने मीठ घातले. चारशे पोरांनी खाल्ले. कुणी खोकले नाही. जे खोकले ते आधीपासून खोकत होते. दुसऱ्या दिवशी तिलाच बोलावले, तिसऱ्या दिवशी ती आपणहून आली. नसिबेकोची नात एलुबी त्याच शाळेत होती. तीही जेवायची. "भुकेनं मरण्यापेक्षा खोकून मरू दे," असे नसिबेको म्हणाल्याचे फालेसीच्या कानावर आले. पण पोरीला तिने अडवले नाही. अशी चार वर्षे गेली. फालेसीला महिन्याला एक बादली मका, साबणाची वडी आणि रोजचे एक ताट मिळे. पण त्यासाठी ती जात नव्हती. रोज अकरा वाजता सगळ्यांसमोर कुणीतरी तिला मीठ घालायला हाक मारी, त्यासाठी जात होती.

१९९६ च्या जूनमध्ये, पंधरा तारखेला, शनिवारी, विबे नावाचे एक गृहस्थ हॉलंडहून आले. ज्या चर्चच्या लोकांकडून शाळेला घेवड्याची पोती आणि वर्गांवरचे पत्रे येत, त्यांच्यातलेच ते एक. जन्मभर बेकरी चालवली होती. आता ती मुलावर सोपवून सहा आठवडे धान्याचे कोठार बांधून द्यायला आले होते. माणूस वाईट नव्हता. पहाटे उठायचा, स्वतः विटा वाहायचा, पोरांची नावे पाठ करायचा. फक्त त्याच्याजवळ एक यादी होती आणि त्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे काम लिहिलेले असावे लागे.

मंगळवारी तो यादी घेऊन चुलीपाशी आला. शाळेची व्यवस्था पाहणारी सिस्टर मोदेस्ता, म्हणजे तिकडचीच, पलीकडच्या डोंगरातली, त्याचे बोलणे भाषांतर करून सांगत होती. मुख्याध्यापक ग्वाझा सर मागे उभे होते.

"आणि या बाई?"

"या मीठ घालतात," सिस्टर म्हणाली.

"बरं. आणखी?"

"आणखी... बसतात."

"मीठ या चौघींपैकी कुणी का घालत नाही?"

सिस्टरने ग्वाझा सरांकडे पाहिले. सरांना एकदम घंटेची आठवण झाली. घंटेला अजून वीस मिनिटे होती, तरी ते जाऊन झाडाला टांगलेल्या लोखंडी चाकापाशी उभे राहिले. चौघी हंड्यात पाहू लागल्या. सिस्टरला कारण माहीत नव्हते असे नाही. तिलाही तिच्या आजीने दार लावूनच सगळे शिकवले होते. पण समोर पुरुष, त्याच्या हातात पेन्सिल, आणि ती जोगीण.

"रीत आहे तशी," ती म्हणाली.

विबेने यादीतली नावे पुन्हा मोजली. मग तो म्हणाला की चार बायका हजर असताना मुठीभर मिठाला पाचवी कशाला. आजीबाईंचे गुडघे दुखतात, त्यांनी घरी आराम करावा. त्या जागी बालवर्गाला एक मदतनीस ठेवता येईल. बालवर्गात नव्वद पोरे होती. सिस्टरला नाही म्हणता आले नाही.

शुक्रवारी जेवणे झाल्यावर तिने फालेसीला सगळ्यांसमोर एक नवे कापड आणि साबणाच्या दोन वड्या दिल्या, आणि सोमवारपासून यायची गरज नाही असे सांगितले.

"माझ्या हाताबद्दल काही ऐकू आलं का, सिस्टर?"

"नाही गोगो, तसलं काही नाही."

"मग?"

"तुमचं आता वय झालं."

"वय झालं म्हणून तर मला ठेवली होती," फालेसी म्हणाली.



कारण सांगितले नाही की गाव आपले कारण शोधते, आणि इथे ते शोधायलाही लागले नाही. मंगळवारच्या बाजारात नसिबेको रताळी विकायला बसे. कुणीतरी विषय काढला. नसिबेको रताळ्यांचे ढीग सारखे करत म्हणाली, "मिशनलासुद्धा कळायला चार वर्षं लागली. मला एका वर्षात कळलं होतं." फालेसी तिथून दहा पावलांवर सुकी मासळी घेत होती. तिने पुडी बांधून घेतली आणि घरी गेली. त्यानंतर ती बाजारात आली नाही. रविवारी चर्चमध्ये तिने मागच्या दाराजवळची जागा घेतली, सव्वीस वर्षे जिथे बसायची तिथली.

इकडे सोमवारीच चुलीपाशी घोटाळा सुरू झाला होता.

"घाल ना गं मीठ," एस्नाती म्हणाली.

"मी न्सिमावाली. कालवण तुझं, मीठ तुझं," डोरिका म्हणाली.

"मला आज नाही जमायचं."

"जरा मोठ्यानं बोल. कुंपणावरच्या आठवीच्या पोरांना नीट ऐकू आलं नसेल."

"तोंड सांभाळ! मग तू घाल."

"आज मी घालीन. पुढच्या आठवड्यात नाही घातलं की ग्वाझा सर कॅलेंडरवर खूण करतील. माझ्या नवऱ्याला जे माहीत नसतं ते सरांना कशाला?"

पाणी भरणारी आणि लाकडे आणणारी, दोघी ऐकत होत्या. शेवटी चौघींनी ठरवले की कुणीच घालायचे नाही. म्हणजे कुणाचे काय ते कुणालाच कळणार नाही. हा उपाय बिनचूक होता. त्यात मिठाचा तेवढा विचार राहून गेला.

तीन दिवस पोरांनी अळणी घेवडा खाल्ला. चौथ्या दिवशी जो तो घरून कागदाच्या पुडीत मीठ आणू लागला. मग पुड्यांची चोरी, मारामारी आणि ग्वाझा सरांची छडी. पुढच्या सोमवारी डोरिकाला सुचले की घरी करतो तसेच करावे, लहान पोर आणावी. दुसरीच्या वर्गातून तियामिके नावाची पोर बोलावली. सात वर्षांच्या पोरीला सगळ्या शाळेदेखत इतका मान कधी मिळाला नव्हता. तिने थांबायला सांगेपर्यंत मुठी टाकल्या, आणि थांबायला सांगितले तेव्हा आणखी एक टाकली. त्या दिवशी पोरांनी पाण्याची दोन्ही पिंपे रिकामी केली आणि कालवण तसेच हंड्यात राहिले.

मग आयांमध्ये बोलणे सुरू झाले. मिशनच्या हंड्यात मीठ कुणाचे, याचा पत्ता नाही. फालेसीचे निदान माहीत तरी होते. "जेवायला घरी ये," असे एकेकीने पोरांना बजावले, आणि घरी गेलेली पोरे दुपारी परत येईनात. ग्वाझा सरांच्या हजेरीपटावर सकाळी चारशे बारा असत. त्या आठवड्याच्या शुक्रवारी दुपारी दोनशे तीस होती.

विबेला वाटले घेवडा जुना आहे. आठ जुलैला, सोमवारी, त्याने स्वतः पळीभर कालवण चाखले आणि लगेच म्हणाला, "यात मीठ नाही." सिस्टर म्हणाली, "हो." तो म्हणाला, "डबा कुठे आहे?" आणि बाह्या सरसावून त्याने स्वतःच मीठ घातले. बेकरीवाल्याचा हात, अंदाज पहिल्याच दिवशी बरोबर आला.

गावभर बातमी गेली. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी बायकांची गर्दी होती.

"पुरुष आणि हंड्यापाशी!"

"असू दे ना. पुरुषाला कसले दिवस? त्याच्या मिठाला काही होत नाही."

"रात्री बायकोपाशी असलेला माणूससुद्धा चालत नाही, माझी आजी सांगायची."

"त्याची बायको हॉलंडला आहे."

"हॉलंडला आहे म्हणूनच विचारते."

हसण्याचा इतका गलका झाला की विबेने वळून हात हलवला. तेव्हा तर दोघी खालीच बसल्या.

पण पोरे जेवायला लागली. दुपारची हजेरी भरली. त्याला सगळी 'गोगो विबे' म्हणू लागली, आणि त्याला वाटले हा आपला सन्मान आहे. तसा तो होताही. मात्र रोज अकरा वाजता त्याला चुलीपाशी यावे लागे. एकदा तो कोठाराच्या छपरावर पत्रा ठोकत होता. हंडे शिजून उतरले, चारशे पोरे ओळीत बसली, चार बायका पळ्या घेऊन उभ्या राहिल्या, आणि सगळे छपराकडे पाहत राहिले. तो पत्रा अर्धवट सोडून शिडीवरून उतरला. दुसऱ्यांदा असे झाले तेव्हा वारा आला आणि पत्रा उडाला. तिसऱ्यांदा उतरल्यावर घाम पुसत तो सिस्टरला म्हणाला, "हे पूर्ण वेळेचं काम आहे."

"हो," सिस्टर म्हणाली.

"मी सत्तावीसला जाणार. मग कोण?"

सिस्टरने भाषांतर करायच्या आतच चौघींना ते कळले. "गोगो फालेसी," चौघी एकदम म्हणाल्या. चार आठवड्यांत त्या चौघींचे एकमत झालेली ही दुसरी गोष्ट.

विबेने यादी काढली आणि फालेसीचे नाव पुन्हा लिहिले, या वेळी शाईने. कामाच्या रकान्यात 'मीठ' लिहिले. शेवटचा रकाना कारणाचा होता. तिथे काय लिहू, असे त्याने विचारले. सिस्टर मोदेस्ता म्हणाली, "लिहा, हात थंड आहे." त्याने तसेच लिहिले.

सिस्टर त्याच संध्याकाळी फालेसीकडे गेली. फालेसी अंगणात शेंगा फोडत होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"मला काढलंत ते सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "आणि न्यायला आलात ते एकट्या."

"गोगो, उद्या सकाळी मी डोरिकाला पाठवते."

"उद्या शनिवार. मंगळवारी बाजार असतो. मंगळवारी या. डबा घेऊन या."

"कसला डबा?"

"मिठाचा. आणि ओढ्याकडच्या वाटेनं नाही, बाजारातून जायचं."

"गुडघ्यांना लांब पडेल, गोगो."

"गुडघे माझे आहेत."

मंगळवारी, तेवीस तारखेला, सिस्टर मोदेस्ता मिठाचा डबा स्वतःच्या डोक्यावर घेऊन बाजारातून चालत गेली. जोगिणीच्या डोक्यावर ओझे लोकांनी क्वचितच पाहिले होते. विक्रेत्यांनी ओरडायचे थांबून पाहिले. मागे नवे कापड गुंडाळलेली फालेसी, काठी टेकत, घाई न करता. तिच्या मागे डोरिका आणि एस्नाती, दोघींचे हात रिकामे, कारण त्यांना फक्त दिसायचे होते. नसिबेकोच्या रताळ्यांपाशी फालेसी श्वास घ्यायला थांबली. तिथेच का थांबली ते सगळ्यांना समजले. नसिबेको एक रताळे पुसत होती. ते आधीच स्वच्छ होते. तिने वर पाहिले नाही.

शुक्रवारी शाळेचा निकाल होता आणि विबेचा निरोपही. सहा-सातशे माणसे आली. मुखियाने बकरा दिला होता, पण बकरा पाहुण्यांपुरता. गावाला नेहमीचा घेवडा. सकाळी फालेसीने मोठ्या हंड्यांत मोजून मुठी टाकल्या आणि ती विटांवर जाऊन बसली. निकाल वाचले गेले. नसिबेकोची एलुबी पाचवीत दुसरी आली. नाव पुकारल्यावर बायकांमधून जी किलकारी उठली त्यात नसिबेकोचा आवाज सर्वांत वर होता.

मग पंगती बसल्या. बायका गवतावर चटया टाकून बसल्या होत्या. एस्नातीने नसिबेकोपुढे ताट ठेवले आणि ती पटकन पुढे गेली. तरुण बायकांचे लक्ष नव्हते, त्या जेवू लागल्या. चार-पाच म्हाताऱ्यांचे हात मात्र थांबले. फालेसी विटांवरून पाहत होती. तीस वर्षांत एकाच पंगतीला बसायची वेळ पुष्कळदा आली होती. प्रत्येक वेळी नसिबेकोला भूक नसायची, पोट बिघडलेले असायचे, नाहीतर घरी पाहुणे यायचे असायचे.

आज तिने काहीच सांगितले नाही. ताटाकडे पाहिले. पलीकडे एलुबी बक्षिसाची वही मांडीवर ठेवून भराभर जेवत होती. नसिबेकोने न्सिमाचा तुकडा तोडला, वळला, कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. मग ताट उचलून ती उठली आणि सरळ चुलीपाशी आली.

"मीठ कमी आहे, वहिनी," ती म्हणाली.

फालेसीने तिच्याकडे पाहिले. "सातशे माणसांचं कालवण आहे. सगळ्यांच्या जिभा एक नसतात."

"मी सातशे माणसांचं कुठं बोलतेय? माझ्या ताटात कमी आहे."

कालवणात मीठ कमी नव्हते. फालेसीचे प्रमाण चार वर्षांत कधी चुकले नव्हते आणि त्या दिवशी तर तिने दोनदा चाखले होते. तिने हात धुतले. डबा उघडला, चिमूटभर मीठ घेतले आणि नसिबेकोच्या ताटात घातले.

नसिबेकोने तिथेच उभ्याने सगळे संपवले, ताटाची कडा बोटाने पुसली, आणि रिकामे ताट फालेसीच्या मांडीवर ठेवून ती नातीकडे निघून गेली.